सात सेंटीमीटरचा माणूस

मी एक जुना पुठ्ठ्याचा माणूस आहे. उंची बरोबर सात सेंटीमीटर. हसू नका मित्रांनो! पावणेसहा फुटी माणसाला पंचवीसने भागलं की मी उरतो.

वेल्समधल्या एका शाळेच्या नाट्यवर्गात, छोट्या रंगमंचासारख्या एका खोक्यात मी राहतो. ग्वेंडा प्रॉसर याच शाळेत सतरा वर्षांची विद्यार्थिनी होती, तेव्हा तिने मला बिस्किटांच्या पुड्याच्या पुठ्ठ्यातून कापलं. पुढे ती इथेच नाटकाची बाई झाली. अडतीस वर्षं इथलं प्रत्येक नेपथ्य आधी छोट्या नमुन्यात, माझ्याभोवती उभं राहिलं. राजवाडे झाले, तुरुंग झाले, कोळशाची खाणसुद्धा झाली. "आधी माणूस उभा करा, मग भिंती," असं बाई सांगायच्या. मुलं मला अलगद चिमटीत धरायची. फार सुखाचे दिवस होते ते.

मग येस्टिन आला. बाईंचाच जुना विद्यार्थी. बाई निवृत्त होणार होत्या, म्हणून शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांचा नाटक आणि रंगभूमीचा प्रगत अभ्यासक्रम आता त्याने आखायचा होता. मुख्याध्यापकांची अट एकच, आठ मुलं मिळाली तर वर्ग, नाहीतर कायमचा बंद. नावं सातच आली होती.

दोघांनी टेबलावर रंगीत कार्डं मांडली. नाटकं वाचण्याचे आठवडे, पाहण्याचे आठवडे, मुलांनी स्वतः नाटक रचण्याचे आठवडे. 'नेपथ्याचा नमुना, चार आठवडे' हे कार्ड मात्र येस्टिनने उचलून बाजूला टाकलं.

"मिस, हे संगणकावर एका तासात होतं. तेवढ्या वेळात सगळ्यांना अभिनय देऊ."

"सगळ्यांना? अरे बाळा, नुसतं नेपथ्य करणाऱ्यालाही या परीक्षेत गुण मिळतात."

"पण अभिनय कुणाला नको असतो, मिस?"

आणि त्याने संगणकाच्या पडद्यावरचा आपला माणूस दाखवला. काय सांगू! त्याला नाक होतं, डोळे होते, बुटांना नाड्यासुद्धा होत्या. बटण दाबलं की लेकाचा गोल फिरायचा. मी फिरलो तर मागे अर्धं बिस्किट दिसतं. माझा नुसता जळफळाट झाला. रोज वाटायचं, आज तरी वीज जावी. पण नाही गेली.

नावं नोंदवण्याचा शेवटचा शनिवार उजाडला. पालक आले, चहा आणि बेदाण्यांचे छोटे केक फिरले, पडद्यावरचा माणूस एका सुंदर दारातून आत-बाहेर करू लागला. सगळे "वा!" म्हणाले. माझ्या खोक्यावर कुणीतरी कप ठेवला.

तेवढ्यात लाउरी आली, सोळा वर्षांची, सुतार वडिलांबरोबर. आठवं नाव तिचंच होणार होतं.

"सर, मला रंगमंचावर नाही जायचं," ती म्हणाली. "मला तो बांधायचाय."

"अगं, आमच्याकडे अभिनय सगळ्यांना आहे. जमेल तुला हळूहळू."

लाउरीचा चेहरा पडला.

"चल गं," वडील म्हणाले, "मग आपलं काय काम इथे?"

जाता जाता ती पडद्यापाशी थबकली. "सर, हे दार केवढं आहे?"

येस्टिनने आकडे पाहिले आणि लालबुंद झाला. "साडेचार फूट. पण माणूस तर आरामात जातोय!"

"तुम्ही त्याला लहान केलंय."

"म्हणजे नट रांगत येणार होय?" वडील हसले. सगळे हसले. मी तर मनातल्या मनात नाचलो. खोटं कशाला बोलू? वैऱ्याची फजिती झाली होती.

पण लाउरीने कोट चढवला, आणि माझा आनंद तिथेच विरला. ती गेली की वर्ग जाणार, खोका जाणार, मी रद्दीत जाणार.

बाईंनी कप उचलला, मला काढलं आणि लाउरीच्या तळहातावर ठेवलं.

"हा अडतीस वर्षांत एकाही दारासाठी लहान झाला नाही," त्या म्हणाल्या. मग येस्टिनकडे वळल्या. "दारासाठी तू माणूस छाटलास, आणि आता अभ्यासक्रमासाठी ही मुलगी छाटतोयस."

येस्टिनने बाजूला टाकलेलं कार्ड शोधून पुन्हा टेबलावर मांडलं.

"चार आठवडे पुरतील का गं?"

"सहा द्या, सर," लाउरी म्हणाली, आणि कोट न काढताच तिने आठवं नाव लिहिलं.

आता खोक्यात माझ्याशेजारी लाउरीने कापलेली एक पुठ्ठ्याची बाई उभी असते. लाउरीच्याच मापाची, साडेसहा सेंटीमीटरला जरा कमी. लाल स्वेटर रंगवलाय तिला. जो येतो तो म्हणतो, "किती गोड!" मला कुणी गोड म्हणत नाही. जळतो मी, स्वभाव काही जात नाही. पण परवा ती जिन्याखाली मावेना, तेव्हा एका मुलाने कात्री घेऊन तिचं डोकं धरलं, आणि मी भीतीने गारठलो.

मित्रांनो, वाटल्यास मला मागे ठेवा, तिलाच पुढे उभी करा. एवढंच करा, माणूस मावत नसेल तर कात्री दाराला लावा.