बोलत बोलत बघा, गयाबाई

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो. लखनौच्या एका हिवताप प्रयोगशाळेच्या कपाटात माझ्या भिंगांना बुरशी लागली आहे. मला बघायच्या नळ्या दोन बाजूंना आहेत. एकीकडून जाणत्याने बघायचं, दुसरीकडून शिकणाऱ्याने, म्हणजे दोघांना सारखंच दिसेल. बिचाऱ्या कारागिरांची तशी समजूत होती!

मी १९७६ साली इथे आलो, तेव्हा शहर तापाने फणफणलं होतं. चौक या जुन्या भागातल्या गल्ल्यांतून रक्ताच्या शेकडो काचपट्ट्या यायच्या. तपासून झालेल्या पट्ट्या धुवायला गयाबाई होती. नागपूरकडची, चौथी पास, नवऱ्याच्या नोकरीमुळे इथवर आलेली. धुण्याआधी ती प्रत्येक पट्टी माझ्याखाली धरून बघायची. आधी गंमत म्हणून, मग सवयीने. दोन वर्षांत तिची नजर अशी तयार झाली की तंत्रज्ञांनी 'काही नाही' म्हणून टाकलेली पट्टी ती गुपचूप त्यांच्यापुढे ठेवायची, आणि जंतू निघायचे. मला तिचा भारी अभिमान होता. हुद्दा मात्र धुणारणीचाच. प्रयोगशाळेचे साहेब तिच्या हातचं पाणी पीत नसत, तिची नजर तेवढी चालायची.

पुढे विद्यापीठातून वसुधाताई आल्या. कसबी माणसाची नजर नेमकं काय टिपते, हे त्यांना शोधायचं होतं. त्यांची रीत अशी की, माणसाने बघता बघता मनात येईल ते मोठ्याने बोलायचं, आणि त्यांनी दुसऱ्या नळीतून बघत लिहून घ्यायचं. गयाबाईचं काम पाहून त्या थक्क झाल्या. बाईला तंत्रज्ञ करा, असा त्यांनी साहेबांकडे शब्द टाकला. चाचणीत उतरली तर कागद वर पाठवतो, असं साहेब म्हणाले. गयाबाईने घरी कुणाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी ती ठेवणीतली पांढरी साडी नेसून आली.

वीस पट्ट्या होत्या. पहिली ठेवली, तशी गयाबाई नेहमीसारखी गप्प झाली.

"बोलत बोलत बघा, गयाबाई," वसुधाताई म्हणाल्या.

"चुप मत रहिए," मागून साहेब.

ती बोलू लागली. इथे ठिपका आहे, इथे अंगठीसारखं काही आहे... शब्द शोधता शोधता नजर सुटली. रंगाच्या डागाला ती जंतू म्हणाली, खऱ्या जंतूवरून पुढे गेली. अगं, गप्प बस ना! मी नुसता तळमळत होतो. वीसपैकी अकरा चुकल्या.

"ताई, बोलायला लागलं की दिसत नाही हो," ती म्हणाली.

वसुधाताईंनी तेही लिहून घेतलं, आणि त्याच वाक्यावर त्यांचा प्रबंध उभा राहिला. बोलायला लावलं की जाणती नजर बिघडते, हे त्यांनी सिद्ध केलं. मोठं नाव झालं. प्रबंधात गयाबाईचं नाव 'व्यक्ती क्रमांक चार' असं आहे.

गयाबाईने मात्र त्यानंतर माझ्याखाली पट्टी धरली नाही. मला येत नाही असं ठरलंय ना, म्हणायची. तंत्रज्ञांच्या हातून सुटलेल्या पट्ट्या ती आता तशाच धुवून टाकायची. त्यातली किती माणसं तापाने गेली, देव जाणे.

१९८७ साली वसुधाताई परत आल्या. केसांत पांढरं, मनात खंत. साहेबही बदलले होते. नव्या साहेबांकडून चाचणीची परवानगी त्यांनी आधीच मिळवली होती.

"या वेळी बोलायचं नाही. जंतू दिसला की नुसतं बोट उचला."

गयाबाईने डोळा नळीला लावला. समोर जंतू स्वच्छ होता. एवढ्या वर्षांत शिकलेल्या वसुधाताईंनाही तो दिसत होता. बोट उचललं गेलं नाही.

"ताई, बोलू का?"

"बोला."

"मधे जरासा उजेड आहे. बाकी काही नाही."

काचबिंदू होता. गेलेली नजर त्यात परत येत नाही. नोकरी जाईल म्हणून तिने लपवलं होतं, पट्ट्या चाचपून धूत होती. वसुधाताई माझ्यावर डोकं टेकून रडल्या. गयाबाईच त्यांची समजूत घालत राहिली.

मित्रांनो, माझं ऐकणार कोण म्हणा! पण सांगतो. ज्याला दिसतं त्याला आधी बघायला बसवा. कसं दिसतं ते सावकाश विचारा. गयाबाईला तंत्रज्ञाच्या खुर्चीत कुणी बसवलंच नाही.