पीएम अडीच

खजूर मस्कतच्या वादी कबीर भागात राहायला जाणार हे घरात ठरल्यातच जमा होतं. खजूर म्हणजे यशश्रीची तपकिरी मांजर. धाकटा साई दुपारच्या झोपेतून उठला की त्याला खोकल्याची उबळ यायची, छातीत बारीक शिट्टी वाजायची, आणि खजूर नेमकी त्याच्याच पायथ्याशी वेटोळं करून पडलेली असायची. "शुक्रवारी तिथल्या आपल्या ओळखीच्या अमीरुन्निसाताई येऊन घेऊन जातील तिला," आईनं, सुगंधानं, सांगून टाकलं. यशश्री त्या दिवशी धड जेवली नाही.

तिनं गुपचूप आईच्या काकांना फोन लावला. जनार्दनआजोबा मस्कतमधल्या शाळा-ऑफिसांतली हवा तपासायचं काम करायचे. त्यांनी मुठीत मावेल एवढं एक यंत्र पाठवलं आणि सांगितलं, "हवेतले कण मोजतं ते. झोपायच्या खोलीत रोज पीएम अडीच बघत जा. शुक्रवारी मी येतोच."

शुक्रवारी आजोबा यशश्रीच्या घरी, अल हैल भागातल्या फ्लॅटवर, जेवायलाच आले. यशश्रीचं तोंड एवढंसं झालेलं.

"आजोबा, रोज शंभरच्या वर. एव्हरी डे! आई बोलते, बघ, मांजरच."

"आणि सकाळी किती असतो आकडा?"

"सकाळी कशाला? तुम्हीच बोललात ना, पीएम अडीच. मी बरोबर अडीचलाच बघते. स्कूलबसमधून उतरून धावत येते!"

आजोबा असे हसले की वाटीतली सोलकढी हिंदकळली. सुगंधाची तर हसण्याच्या नादात तव्यावरची पोळी करपली.

"अगं माझे बाई, पीएम म्हणजे दुपार नव्हे, हवेतले बारीक कण! अडीच हा कणाचा आकार. एका केसाच्या जाडीत असे पंचवीस-तीस कण शेजारी शेजारी बसतील. इतके बारीक, की नाकाला चकवून थेट छातीत उतरतात."

यशश्रीचे कान लाल झाले. "म्हणजे माझी सगळी रीडिंग वेस्ट?"

"वाया कशी जातील? फक्त एकाच वेळेची आहेत. आता सांग, अडीचला त्या खोलीत काय काय असतं?"

"साई. खजूर. एसी. आणि ह्युमिडिफायर, तो धुरासारखं पाणी सोडतो तो. एसीनं साईचा घसा सुकतो ना, म्हणून आई लावते."

"साईला आपण सोडून देऊ. उरले तिघे. मग तुम्ही एकटीलाच का पकडलंत?"

जेवण उरकताच दोघं कामाला लागले. आधी बाल्कनीत. आकडा चाळीस. "हा लक्षात ठेव. बाहेरचा माहीत नसेल तर आतल्याचा अर्थ लागत नाही," आजोबा म्हणाले. आत साई झोपला होता, ह्युमिडिफायर फुसफुसत होता. दीडशे! यशश्रीनं खजूरला उचलून बाहेर नेलं. बराच वेळ थांबले, पण आकडा हलेना. मग आजोबांनी ह्युमिडिफायर बंद केला आणि खजूरला परत आत घेतलं. एसी होता तसाच चालू. हळूहळू आकडा उतरत उतरत बाहेरच्याही खाली आला.

आजोबांनी काळ्या टेबलावरून बोट फिरवलं. बोटाला पिठासारखी पांढरी भुकटी. "नळाचं पाणी घालता यात. तुषार सुकून जातात, त्यातले क्षार हवेत तरंगत राहतात."

यशश्री नाचायलाच लागली. "खजूर इनोसंट!"

"थांब जरा. यंत्र कण मोजतं, कण कुणाचा ते सांगत नाही. ज्याला मांजर सोसत नाही, त्याला तिचा इतकासा अंशही पुरतो. तेवढ्यानं आकडा हलतसुद्धा नाही. ते डॉक्टरच बघतील."

तिचा आवाज बारीक झाला. "हे पण आईला सांगायचं?"

"तुला काय वाटतं?"

खजूर तिच्या पायांत घोटाळत होती. साई जागा होऊन खोकत होता. यशश्री स्वयंपाकघरात गेली.

"आई, आकडा ह्युमिडिफायरचा आहे. पण... खजूरचं मीटरला नाही कळत. ते डॉक्टर सांगणार." एवढं बोलताना तिचे डोळे भरले.

"आणि मी मेली रोज मायेनं लावत होते ते!" सुगंधानं लेकीला कुशीत ओढलं. मग फोन उचलला. "ताई, आज नका येऊ न्यायला. आधी साईची तपासणी होऊ दे. तोवर मांजर हॉलमध्ये राहील."

"अगो, मी तिच्यासाठी बांगडे आणून ठेवलेत, त्यांचं काय करू?"

"घेऊन इकडेच या!"

यशश्रीनं डोळे पुसले, पलंगावरची आपली उशी उचलली आणि हॉलमधल्या सोफ्यावर नेऊन ठेवली.

"तोवर मीपण हॉलमध्ये," ती म्हणाली.