केळापूरचा दाखला

अठ्ठावन्न सालच्या शिमग्याआधीची गोष्ट. खोटी वाटली तर नीळकंठाला विचारा. तो नाही म्हणेल, म्हणून तर मी सांगतोय.

नीळकंठ यवतमाळच्या एका कचेरीत कारकून. त्याची सायकल पलंगाशेजारी उभी असे आणि तिचं रोज तेलपाणी होई. एके दिवशी त्याच्या बायकोनं, सुचित्रानं, निकाल लावला. "हिच्यावर केळापूरला जा, वाटेत तंबूत राहा, नि तिथल्या पाटलाचा दाखला आणा, शिक्क्यासकट. नाहीतर ही विकून मी शिवणयंत्र आणते." नीळकंठ असा पांढरा पडला, जणू तिनं पोटचा पोरगाच विकायला काढला होता.

मी त्याचा मित्र, साक्षीदार म्हणून माझ्या सायकलवर सोबत निघालो. दम लागला की "जरा सृष्टिसौंदर्य पाहू" म्हणायला कुणीतरी लागतंच.

सामान मोजकंच होतं. तंबू, स्टोव्ह, गादी, दोन तांबे आणि जेवायला बसायचा पाट. त्याच्या सायकलीमागं एवढं ओझं, की चढावर पुढचं चाक अधांतरी उठायचं आणि नीळकंठ आभाळाकडं बघत पायडल मारायचा. सागाचं रान गेलं, पळस पेटल्यासारखे फुललेले गेले. त्याच्या वाटणीचे पळससुद्धा मीच पाहिले.

तिसऱ्या प्रहरी करंजीच्या अलीकडं एका तांड्याजवळ आम्ही तंबू ठोकला. म्हातारी लालीबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"आमची उमर पालात गेली. आता कुठं भिंतीचं घर पाह्यलं. अन् तुम्ही घर सोडून पाल ठोकून राह्यले? काहून जी, बाईनं हाकललं का?"

"तसंच काहीसं," मी म्हणालो.

तिचा लेक बाबूसिंग, तांड्याचा नायक. त्याच्या आजानं दोनशे बैलांवर मीठ वाहिलेलं. त्यानं सायकलीभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"साहेब, असं लादलं तं बैल खाली बसते. हिले बसता येत नाही, म्हणून उभी हाये बिचारी."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सगळं सोडलं, दोन गोण्या भरल्या आणि दोन्ही अंगांना बरोब्बर तोलून बांधल्या. तोल असा, की सायकल कशाला न टेकता उभी राहिली. फक्त पायडलला जागा उरली नाही.

"आता बसू कसा?" नीळकंठ.

"बसता कायले? लादल्या जनावरावर कोणी बसते का? पाप लागते!"

नीळकंठ हँडल धरून पायी निघाला. मैलभरात मागचं चाक फुटलं. सोबत आलेल्या बाबूसिंगानं तांड्यातून बैल आणला, त्याच्या पाठीवर गोण्या टाकल्या आणि वर सायकल बांधली. "थकली ते," तो म्हणाला. बैल मोठा हौशी. घंटी वाजली की दुडक्या चालीनं सुटायचा. घंटी मीच वाजवत होतो.

केळापूरच्या पाटलानं डोळ्यांनी पाहिलं तेच लिहिलं: "दाखला देण्यात येतो की, सदर सायकल बैलावर बसून आज रोजी सुखरूप पोचली. मालक पायी होता." खाली सही, ठसठशीत शिक्का.

"फाड," मी म्हणालो. "मी दुसरा लिहवून आणतो."

"शिक्का मारलेला कागद फाडू?" नीळकंठानं कागद छातीशी धरला. "सोळा वर्षं नोकरी झाली माझी!"

त्यानं दाखल्याची नीट घडी केली आणि घरी जाऊन सुचित्राच्या हातात दिला. तिनं तो दोनदा वाचला. दुसऱ्यांदा मोठ्यानं.

सायकल गेली, शिवणयंत्र आलं. तिनं पहिली शिवली ती यंत्राचीच खोळ, तंबूच्या कापडाची. यंत्र पलंगाशेजारीच असतं आणि त्याचं तेलपाणी रोज नीळकंठ करतो.