पुठ्ठ्याच्या गाडीबाहेर गेलेले पाय

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी मोजपट्टी आहे. तळहातात मावेल एवढी पिवळी डबी, आत गुंडाळलेली लवचीक पाती आणि पातीच्या टोकाला वाकडे नाक. दुकानात मला नुसते ‘टेप’ म्हणतात. आयुष्यभर मी खरे तेच सांगत आले. तरी एका सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, माझ्यावर खोटेपणाचा आळ आला. त्या दुपारी एका घराला जो धक्का बसला, तो आठवला की आजही माझी स्प्रिंग आवळते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोलादाची पाती रुळांमधून दाबून काढली, तिला पिवळा रंग दिला, काळे आकडे छापले आणि शेवटी टोकाला नाक ठोकले. हे नाक जरासे हलते. पुष्कळांना वाटते, मी मोडकीच आहे. तसे नाही बरे का! कडेला अडकवले की ते पुढे येते, भिंतीला टेकवले की मागे सरते, आणि स्वतःच्या जाडीपुरता फरक असा भरून काढते. म्हणजे मी खरी राहावी म्हणूनच ते हलते.

मला विकत घेतले तसबिरींच्या चौकटी करणाऱ्या एका बाईने. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होते. तिच्या ओठात खिळे असायचे, कानावर पेन्सिल आणि कमरेला मी. लग्नाचे फोटो, बक्षिसांची प्रशस्तिपत्रके, कुणाच्या गेलेल्या आजोबांचा चेहरा, सगळ्यांची मापे मी घेतली. ‘हिचं माप कधी चुकत नाही,’ असे ती गिऱ्हाइकांना सांगायची आणि माझी पाती अभिमानाने ताठ व्हायची. मग दुकानात लाल ठिपक्याचे यंत्र आले. बटण दाबले की भिंतीवर ठिपका पडायचा आणि आकडा हजर! माझी रवानगी वाकड्या खिळ्यांच्या खणात झाली. नव्याचे नऊ दिवस सरतील, मग माझी आठवण होईल, असे मी मनाला समजावत होते. पण ते काही सरले नाहीत.

खणात पडल्या पडल्या मला घरातले सारे ऐकू यायचे. या बाईचा नवरा शहरातली बस चालवायचा. त्यांना दोन मुली. थोरली तोंडाने भारी तिखट. धाकटीला सगळे चिमणी म्हणायचे. ती जन्मल्यापासून उभी राहिली नव्हती. तिच्या हातापायांचे स्नायू घट्ट आवळलेले असत. चाकांच्या खुर्चीत ती गुडघे दुमडून बसायची आणि झोपायचीही अंगाचे मुटकुळे करून. बोलायची एकेक शब्द, मध्ये श्वास घेत. तिचे वाक्य पुरे होईस्तोवर थांबायला घरात एरवी कुणाला सवड नसे.

या कुटुंबाने परदेशात सुट्टीला जायचे ठरवले होते, तेही कॅम्परव्हॅनमधून. आधी एकदा हे लोक हॉटेलात उतरायला गेले होते. हॉटेलात लिफ्ट होती, पण लिफ्टपर्यंत पोचायलाच पायऱ्या होत्या. आल्या पावली परत यावे लागले. तेव्हापासून बाबांच्या डोक्यात हे चाकांवरचे घर शिरले होते. त्यात चिमणीचा पलंग, तिचे जेवण वाटायचा मिक्सर, तिचे न्हाणे, सगळे सोबतच.

‘म्हणजे तिकडे जाऊनही स्वयंपाक तुम्हीच करणार, भांडी तुम्हीच घासणार,’ शेजारी राहणारी आत्या म्हणायची. ‘मग हे घर काय वाईट आहे? यालाच चाकं लावा!’

आईने गाडी भाड्याने देणाऱ्यांना फोन केला. त्यांनी विचारले, ‘मुलगी किती उंच आहे?’ खुर्ची करून घेताना दिलेला जुना आकडा आईला तोंडपाठ होता. तोच तिने सांगितला. त्यांनी एक गाडी राखून ठेवली आणि तिचा नकाशा पाठवला. रंगीत तालीम केल्याशिवाय काही करायचे नाही, हा आईचा स्वभाव. सुट्टीच्या दिवशी तिने दुकानातली टेबले भिंतीला लावली, चौकटींच्या मागे लावायचा पुठ्ठा आणला आणि जमिनीवर गाडीच मांडली. इथे ओटा, इथे दार, मागे आडवा पलंग. थोरली पुढे बसून तोंडाने हॉर्न वाजवत होती. आत्याही हातातले काम टाकून बघायला आली होती.

‘चला, चिमणाबाई, आपल्या पलंगावर!’ म्हणत बाबांनी चिमणीला खुर्चीतून उचलून पुठ्ठ्यावर निजवले. रोज संध्याकाळी ते तिच्याकडून व्यायाम करून घ्यायचे. एका वेळी एक पाय, तोही अरुंद पलंगाच्या टोकाशी दाटीवाटीने बसून. त्या दिवशी जागा मोकळी होती, माणसेही होती. एक पाय आईने धरला, दुसरा बाबांनी. स्नायू सैल व्हायची वाट बघत दोघे बसून राहिले. हळूहळू गुडघे खाली आले. पोटऱ्या जमिनीला टेकल्या. पाय सरळ होत गेले, होत गेले, आणि पुठ्ठ्याची कड ओलांडून पार बाहेर गेले.

थोरलीचा हॉर्न मध्येच थांबला.

‘अगं बाई!’ आत्याने छातीवर हात ठेवला. ‘एवढी कधी झाली ही?’

आईने लाल ठिपक्याचे यंत्र घेतले. पण त्या ठिपक्याला अडायला भिंत लागते. जमिनीवर निजलेल्या मुलीच्या टाचेला तो कसा अडणार? मग खण उघडला गेला. कितीतरी काळाने मला उजेड दिसला. बाबांनी माझे नाक चिमणीच्या डोक्याशी धरले आणि आईने पाती टाचेपर्यंत ओढली. पोलाद गार लागले तशी चिमणी खुदकन हसली.

आईने आकडा वाचला आणि तिचा चेहरा उतरला. ‘ही टेप बिघडली आहे,’ ती म्हणाली.

मित्रांनो, मी बिघडले? मी? तिने पुन्हा मोजले. मग बाबांनी मोजले. ‘नाक हलतंय हिचं. जुनी झाली, ताणली असेल,’ ते म्हणाले. मला वाटले, जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावे.

थोरली तरातरा उठली आणि दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली. तिथे दर वाढदिवशी तिच्या उंचीची पेन्सिलची रेघ ओढून शेजारी आकडा लिहिलेला असे. ‘माझं माप घ्या. गेल्या महिन्यातच तर रेघ मारलीय,’ ती म्हणाली. माझा आकडा रेघेशेजारच्या आकड्याशी तंतोतंत जुळला. मी खरी होते. आणि मी खरी असल्यामुळेच सगळ्यांचे डोळे पांढरे झाले.

‘म्हणजे ही माझ्यापेक्षा उंच?’ थोरली किंचाळली. ‘चिमणी कसली, हा तर जिराफ आहे!’

चिमणी इतकी हसली, इतकी हसली, की तिला ठसका लागला. आई मात्र चौकटीकडे बघत राहिली होती. तिथे धाकटीची एकही रेघ नव्हती. उभी न राहणाऱ्या मुलीला मोजायचे असते, हे त्या घरात कुणाच्या ध्यानीमनीच आले नव्हते. एवढ्या चौकटी करणारी ती बाई त्या एका चौकटीपुढे नुसती उभी होती.

पण खरा धक्का पुढेच होता. ‘चल, खुर्चीत,’ म्हणत बाबा वाकले. त्यांनी चिमणीला अर्धे उचलले आणि त्यांच्या घशातून कसलासा आवाज आला. पाठीत कळ आली होती. चिमणीला त्यांनी पडू दिले नाही. तिला छातीशी धरून ते स्वतःच खाली बसले. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम.

‘कधीपासून दुखतंय?’ आईने विचारले.

‘झाले बरेच महिने.’

‘आणि बोलला नाहीत, अहो?’

‘बोलून काय? तिला कुणी उचललं असतं?’

मग आत्या पुढे आली. डोळे पुसत, अगदी मायेने म्हणाली, ‘ऐका माझं. तुम्ही तिघं जाऊन या. हिला मी बघते. लेकरू माझ्याकडे सुखात राहील.’

आणि मित्रांनो, कुणीच ‘नाही’ म्हणाले नाही. आई जमिनीकडे बघत होती, थोरली नखे कुरतडत होती, बाबांनी डोळे मिटले होते. मी आईच्या हातात होते. एवढे महिने रंगवलेली सुट्टी एका मुलीला मागे ठेवून होऊ शकते, हा विचार त्या खोलीत शिरला होता आणि त्याला कुणी हाकलत नव्हते.

तेवढ्यात चिमणी बोलली. ‘मला... उचलू... नका.’

‘बघा, तिलाच नको आहे,’ आत्या हळूच म्हणाली.

चिमणीने जोरात मान हलवली. तिला अजून बोलायचे होते. या वेळी मात्र सगळे थांबले. ‘मशीन... आणा. शाळेत... आहे.’

तिच्या शाळेत माणूस उचलायचे यंत्र होते. कापडी झोळीत बसवायचे, झोळी हुकाला लावायची आणि बटण दाबायचे. तसलेच यंत्र घरी घ्या, असे डॉक्टर पूर्वी म्हणाले होते. तेव्हा आई उसळली होती, ‘माझी मुलगी काय सिमेंटचं पोतं आहे?’ आणि तो विषय तिथेच मिटला होता. मुलीला कुणी विचारलेच नव्हते.

‘तुला ते आवडतं?’ आईने विचारले.

‘झोका,’ चिमणी म्हणाली. मग बाबांकडे बघून, ‘बाबांचे... हात... थरथरतात. मला... माहीत... होतं.’ आणि दम घेऊन, ‘बाबांच्या... अंगाला... घामाचा... वास... येतो.’

बाबा रडता रडता हसायला लागले. आईने मला तिथेच टाकले आणि चिमणीच्या शेजारी जमिनीवर आडवी झाली. टाचा जुळवून बघितल्या. लेक आईच्या बरोबरीला आली होती. ‘मी तुला विचारलंच नाही गं,’ एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

ती गाडी रद्द झाली. सुट्टी पुढच्या मोसमावर गेली. आधी घरात यंत्र आले. ‘माझ्या लेकराला असं लटकवणार?’ म्हणून आत्याने बराच आरडाओरडा केला, तेव्हा चिमणीनेच हुकूम सोडला, ‘आधी... आत्या.’ झोळीत बसून आत्या अधांतरी गेली आणि देवाचा धावा करू लागली. खाली चिमणी टाळ्या वाजवायचा प्रयत्न करत होती. बाबांनी पाठीवर उपचार घेतले. आईने पुन्हा फोन लावला. लांबीच्या बाजूने पलंग असलेली आणि मागे खुर्ची चढवायची सोय असलेली गाडी तिने शोधून काढली. तिथे यंत्र भाड्याने मिळते की नाही, हेही विचारून घेतले. आकडा सांगण्याआधी या वेळी तिने मला हातात घेतले आणि चिमणीपुढे बसून विचारले, ‘मोजू का?’ चिमणीने जरा भाव खाल्ला आणि मग परवानगी दिली.

परदेशी मीही गेले, चिमणीच्या खुर्चीच्या खिशातून. तिनेच तसे सांगितले होते. परक्या गावात, गाड्या भाड्याने देणाऱ्यांच्या मोठ्या अंगणात ती गाडी उभी होती. भाड्याने घेतलेल्या यंत्राने चिमणीला अलगद पलंगावर ठेवले. आई-बाबांनी पाय धरले, सगळे थांबले, आणि पाय सरळ झाले. टाचा आणि पलंगाच्या फळीमध्ये चांगली वीतभर मोकळी जागा राहिली. आईने सुटकेचा निःश्वास टाकला. चिमणीने मान उचलून पायांकडे बघितले.

‘जागा... आहे,’ ती म्हणाली. ‘अजून... वाढू... शकते.’

सगळे पुन्हा एकदा आ वासून तिच्याकडे बघत राहिले.

म्हणून मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. जवळच्या माणसाचे जुने माप तोंडपाठ आहे म्हणून त्यावर विसंबू नका. जो उभा राहू शकत नाही, त्याला निजवून मोजा. आणि मोजण्याआधी त्याला विचारा, उत्तर पुरे होईपर्यंत थांबा. आणि हो, मोजून झाले की मला एकदम सोडू नका. हाताने धरून, हळूहळू आत येऊ द्या. माझ्या कडा धारदार आहेत, आणि तुमची बोटे कोवळी.