माहेरचं दुखणं

नात निशिगंधाच्या मानेवरच्या गाठी लिंबाएवढ्या झाल्या, तेव्हा यशोदाबाईंनी भावकीसमोर सुनेला, विजयश्रीला ऐकवलं, "आमच्या घरात असलं दुखणं न्हाई. ही हिच्या माहेरची देणगी." विजयश्रीचे वडील क्षयानं गेले होते, कुरुळी गावात सगळ्यांना तेवढं पुरलं. विजयश्रीला स्वतःलाही ते खरंच वाटत होतं.

क्षयाच्या गोळ्या वर्षभर चालल्या. गाठी जागच्या हलल्या नाहीत. उलट पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढून पोरीचं पोट टम्म झालं, चेहरा पांढराफटक पडला. शेवटी चिंचवडच्या एका डॉक्टरीणबाईंनी तिचं आणि आईबापांचं रक्त तपासायला पाठवलं.

"शरीरात आजाराशी लढणाऱ्या पेशी असतात," निकाल आल्यावर त्या म्हणाल्या. "लढाई संपली की त्यांनी मरायचं असतं. पेशीच्या आतली काही एन्झाइम्स तिला आतूनच कापून संपवतात. हिच्यात त्यातलं एक नीट चालत नाही. म्हणून त्या पेशी मरत नाहीत, साठत जातात, आणि मग हिच्याच रक्तावर उठतात. क्षय नव्हताच हा."

"हे आलं कुणाकडून?" विजयश्रीनं विचारलं.

"हिच्या वडिलांकडून. त्यांना त्रास झाला नाही, असंही होतं. यात दोष कुणाचाच नाही."

परत येताना चाकण रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत गाडी अडकली, तेव्हा मागं न वळता तिचा नवरा भीमराज म्हणाला, "आईला सांगू नको. तिला सोसायचं न्हाई."

"आणि मी सोसलं ते?"

"तुला आता सवय झालीय."

घरात पाऊल टाकल्या टाकल्या विजयश्रीनं सगळं सांगितलं. यशोदाबाई मेथी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

"माझा थोरला असाच गेला," त्या म्हणाल्या. "भीमराजच्या आधीचा. मानंला अशाच गाठी."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"माझ्या सासूनं मला माहेरी नेऊन बसवलं. म्हणली, तुझ्याच रक्तात खोट हाय. मी सोसलं का न्हाई? मग तू का न्हाई सोसायचं?"

विजयश्रीला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. थोरल्याचं हे एक वाक्य डॉक्टरांसमोर कुणी बोललं असतं, तर पोरीनं वर्षभर नको ती औषधं गिळली नसती.

दुसऱ्या दिवशी ती पिंपळे सौदागरला नणंदेकडे, दिव्याकडे गेली. दिव्याच्या मुलाला सारखा ताप यायचा.

"ताई, याचंही रक्त एकदा तपासून घ्या."

दिव्यानं आधी आतल्या खोलीकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. "सासरी कळलं तर माझं काय होईल, ठाऊक आहे ना? वहिनी, तुमचं दुखणं माझ्या दारात आणू नका."

तिनं चहासुद्धा विचारला नाही. विजयश्री घरी पोचायच्या आत दिव्याचा फोन भीमराजला आला होता: वहिनीला आवर.

नव्या गोळ्यांनी निशिगंधाच्या गाठी ओसरल्या. आता ती शाळेत जाते. यशोदाबाई शेजारणींना सांगतात, दृष्ट लागली होती, उतरली. दिव्या विजयश्रीशी बोलत नाही, आणि तिच्या मुलाचं रक्त अजून कुणी तपासलेलं नाही.