बाबांचे खण

माझे बाबा घड्याळजी. पासष्टाव्या वर्षी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकले आणि चौकातल्या मनोऱ्याची बंद पडलेली घंटा संगणकावरून वाजवायचा प्रोग्रॅम लिहून मोकळे झाले. आज बाराचे टोले नीट पडले, तर मनोरा बाबांच्या हाती राहणार होता. नाहीतर नगरपालिकेचे इंजिनिअरसाहेब तिथे आकड्यांची पाटी बसवणार होते.

बारा मिनिटं उरली असताना बाबांनी मनोऱ्यातल्या मशीनवर, साहेबांसमोरच, प्रोग्रॅम चालवून बघितला. पडद्यावर उमटलं, ‘ठोका’ नावाचं मॉड्यूल सापडत नाही. म्हणजे टोले देणारी फाइलच गायब.

माझं डोकंच फिरलं. "बाबा, शंभरदा सांगितलं, सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये ठेवा!"

"सगळे स्क्रू एका डब्यात ठेवणारा घड्याळजी पाहिलायस कुठे?"

दुकानातल्या खणांसारखे त्यांनी फोल्डर केले होते. काटे, चाकं, टोले, जुनं. त्यात ‘ठोका’ दोन खणांत! ‘टोले’मध्ये नवा, आणि ‘जुनं’मध्ये एकदाच ठण्ण करून गप्प बसणारा. मोडकं सामानही टाकायचं नाही, हा त्यांचा बाणा.

"घरी तर चालत होतं," मी साहेबांना ऐकू जाईल असं म्हटलं. साहेब मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते.

बाबांनी शांतपणे आणखी एक फोल्डर उघडला. नाव ‘लवंगी’. लहानपणापासून ते मला याच नावाने हाक मारतात. आत माझ्याकडून फोनवर खाल्लेली सगळी बोलणी, नंबर घालून! चष्मा सावरत त्यांनी वाचलं, "चौदा. पायथन आधी चालवलेल्या फाइलच्या फोल्डरात बघतं, मग आपण दिलेल्या यादीतल्या फोल्डरांत, ओळीने. पहिलं सापडेल ते घेतं. म्हणून जुनं शेवटी. पंधरा. मशीन बदललं की यादी पुन्हा द्यायची."

इथलं मशीन काल मीच लावलं होतं. यादी द्यायला विसरले होते तीही मीच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी ‘पायथनपाथ’पुढे, म्हणजे त्या यादीत, ओळीने खण लिहीत गेले. ‘जुनं’ शेवटी आहे ना, हे बाबांनी बोट ठेवून तपासलं.

टोले सुरू झाले. साहेब बोटांवर मोजत होते. दहाला बोटं संपली तेव्हा ते बुटांकडे बघू लागले. बाराव्या टोल्यानंतर त्यांनी हसतच मनोऱ्याची किल्ली बाबांच्या हातात ठेवली. माझे डोळे भरून आले.

बाबा मात्र पुन्हा टाइप करत बसले होते. मी वाकून वाचलं.

‘एक्केचाळीस. लवंगी विसरली, तर आपण ओरडायचं नाही.’