नवव्या प्रकरणात गेलेले मामा

एकेचाळिसावं प्रकरण वाचून झालं तसे तिने कागद नवऱ्याच्या पांघरुणावर ठेवले. त्याने उशीखालची लाल पेन्सिल काढली, चष्मा सावरला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

छापखान्यात चौतीस वर्षं प्रुफं तपासलेला माणूस तो. लग्नाआधी तिने धाडलेलं पहिलं पत्र त्याने तीन दुरुस्त्या करून परत पाठवलं होतं, आणि तरीही तिने त्याच्याशीच लग्न केलं. बायकोची कादंबरी म्हणून सूटबीट काही नव्हती.

कादंबरीला अकरा वर्षं झाली होती. शाळेची नोकरी, सासूचं दुखणं, कितीदा तरी तिने कंटाळून कागद माळ्यावर टाकले. दरवेळी हाच विचारायचा, "त्या मुलीचं पुढे काय झालं?" आणि कागद खाली यायचे. मागच्या वर्षी डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा घरी येऊन तो म्हणाला होता, "शेवट ऐकल्याशिवाय मी काही जात नाही."

तो थट्टेत म्हणाला. तिने मात्र मनाशी खूणगाठ बांधली.

तेव्हापासून कादंबरी काही केल्या संपेना. मुलगी आईला भेटायला निघाली की गाडी चुकायची, पत्ता हरवायचा, ताप भरायचा. पूर्वी तिला लिहायचा आळस यायचा. आता थांबायची भीती वाटायची.

ती चहा टाकायला आत गेली, आणि दूध तापत असताना एकदम तिच्या ध्यानात आलं. आजच्या प्रकरणात त्या मुलीचे मामा आले होते. दारात छत्री झटकून त्यांनी पाणी मागितलं होतं. मामा तर नवव्या प्रकरणातच गेले होते. तिनेच रडत रडत त्यांना मारलं होतं.

गॅस बंद करून ती बाहेर आली. कागद तपासून झाले होते. दोन वेलांट्या, एक अनुस्वार. मामांच्या परिच्छेदाला पेन्सिल लागलीच नव्हती. याला आता आठवेनासं झालं, तिला वाटलं.

"अहो, या पानावर काही चुकलं नाही ना?"

"मामा ना? दिसले मला. अनुस्वार सुटत नाही माझ्या हातून, अख्खे मामा कसे सुटतील?"

"मग खूण का नाही केलीत?"

त्याला धाप लागली होती. थोडा थांबून तो म्हणाला, "अगं, मुलगी चौथ्यांदा गाडी चुकवतेय. ती दमलीय. मीही दमलोय. पोचू दे आता तिला."

ती त्याच्या पायाशी बसली आणि रडली. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

पुढचे चार दिवस ती पलंगाशेजारी स्टूल ओढून लिहीत राहिली. सातच पानं झाली. मुलगी पोचली. पाचव्या दिवशी दुपारी सगळे कागद क्रमाने लावताना तिचा हात एकेचाळिसाव्या प्रकरणावर अडला.

"मामांचं पान काढते."

"राहू दे," तो डोळे मिटूनच म्हणाला. "एक माणूस परत आला तर काय बिघडतं?"

तिने पान जागच्या जागी ठेवलं. मग शेवटचं प्रकरण वाचायला घेतलं, आणि शक्य तितकं सावकाश वाचलं.